न बघता पुढे केलेला हात

शाळेत असताना मला पहिल्यांदा फिट आली, तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या नाकाला चप्पल लावली. बाबांनी ती हिसकावून गॅलरीतून खाली फेकली. अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर असलेला माणूस. अंगारे-धुपारे सुचवणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावायचा. हा मेंदूचा आजार आहे, गोळ्या परस्पर बंद करायच्या नसतात, हे मला त्यांनीच शिकवलं.

तेव्हापासून रोज रात्रीचं जेवण झालं की मी न बघता हात पुढे करायचे आणि बाबा त्यावर गोळी ठेवायचे. मी सव्वीस वर्षांची झाले, नोकरीला लागले, तरी ही पद्धत आम्ही मोडली नाही. आमच्यातला तेवढाच काय तो लाड.

दोन वर्षं एकही फिट आली नाही. लग्न ठरलं. साखरपुड्याची साडी घ्यायला उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेलो आणि दुकानातच मी कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा ओठ फाटला होता, मुठीत कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा कोंबला होता आणि दुकानदार ओरडत होता, "अरे, चप्पल सुंघाओ!" माणसाला कुशीवर वळवून गर्दी हटवायची, एवढी साधी अक्कल कुणाला नव्हती. तरी मला त्यांचा राग आला नाही.

"गोळ्या चुकल्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही," मी छातीठोकपणे म्हणाले. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

घरी येऊन मी त्यांचं कपाट उघडलं. चार महिन्यांच्या स्ट्रिप्स, रबर लावून नीट ठेवलेल्या. एकही फोडलेली नव्हती. दर महिन्याला मेडिकलची पिशवी ते माझ्यासमोर टेबलावर ठेवायचे, आणि हातावर मात्र व्हिटॅमिनची गोळी.

"अगं, दोन वर्षं काही झालं नव्हतं. म्हटलं, बरी झालीस," बाबा म्हणाले. "ऑफिसात सगळे म्हणाले, या गोळ्यांनी मूल होत नाही."

"डॉक्टरांना विचारलंत?"

बाबा स्ट्रिप्सचं रबर सारखं करू लागले.

"मला?"

चप्पल लावणाऱ्या काकूंनी निदान सगळ्यांसमोर लावली होती. त्या दिवशी मला ओठापेक्षा तो हात जास्त दुखला, रोज विश्वासाने पुढे केलेला.

आता गोळ्या माझ्या पर्समध्ये असतात. जेवण झालं की बाबा अजूनही पाण्याचा पेला घेऊन येतात. मी पेला घेते, स्ट्रिपवरचं नाव त्यांच्यासमोर मोठ्याने वाचते, आणि मगच गोळी गिळते.