गोझोच्या पायरीवर फुटलेला नारळ

पारनेरच्या कारभारी औटींनी उभा जन्म नागापूरच्या कारखान्यात मशीनच्या खडखडाटात काढला. त्यामुळे ते कुजबुजले तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जाई. असा माणूस सुकन्याने, म्हणजे माल्टात नर्स असलेल्या त्यांच्या लेकीने, मार्च महिन्यात शेजारच्या गोझो बेटावर फिरायला नेला. पर्यटक अजून यायचे होते. हॉटेलांच्या खुर्च्या एकमेकींच्या डोक्यावर झोपलेल्या होत्या.

सकाळभर कारभारींनी बेटाची तपासणी केली. "हे तर आपलं पारनेरच की! नुसतं कडंनं पानी भरलंय."

"आप्पा, हळू."

"आन् एवढं पानी असून एक मोटर न्हाई बसवली कुनी!"

दुपारी टेकडीवर मारियामातेचं छोटं चर्च लागलं. लेकीच्या नोकरीसाठी कारभारींनी श्रीरामपूरकडच्या मतमाउलीला, म्हणजे तिकडच्या मारियामातेलाच, नवस बोलला होता. आई तीच, गाव तेवढं वेगळं. सुकन्या फोटोत गुंतलेली पाहून त्यांनी चपला काढल्या, पिशवीतून थेट पारनेरहून आणलेला नारळ काढला आणि पायरीवर हाणला.

कबुतरं उडाली. नुकत्याच धुतलेल्या पायरीवर पाणी सांडलं, करवंटी दारातून आत घरंगळली. फडकं घेऊन एक म्हातारी राखणदारीण धावत आली. तिने सुकन्याला विचारलं, हे तुझ्याबरोबरचे का?

"नाही," सुकन्या इंग्रजीत म्हणाली. "मी यांना ओळखत नाही."

तेवढं इंग्रजी कारभारींना कळत होतं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, गुडघे टेकले आणि म्हातारीच्या शेजारी बसून पायरी पुसली. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज बसला होता.

परतीच्या बसला नेमकी तीच म्हातारी. कारभारी आपण होऊन लेकीपासून चांगलं अंतर राखून चढले. जीव पोळला होता, पण लेकीचा शब्द खोटा पडू द्यायचा नव्हता. ड्रायव्हरने तिकीट मागितलं. तिकिटं सुकन्याकडे. कारभारी मुकाट खाली उतरू लागले.

"आप्पा!" सुकन्या अख्ख्या बसला ऐकू जाईल अशी ओरडली. आवाज थेट बापाचा. "कुठं निघालात? बसा इथं."

म्हातारीने बापाचं नाक पाहिलं, लेकीचं नाक पाहिलं आणि घाईघाईने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. कारभारी लेकीशेजारी बसले. दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

"चुकलं माझं," कारभारी म्हणाले. या वेळी ते कुजबुजणं फक्त सुकन्यालाच ऐकू गेलं, आणि तिला रडू फुटलं.