देवाजीची खिडकी

देवाजी गेल्याचं मला शुक्रवारी सकाळी, त्याच्याच टॉकीजच्या दारात कळलं. मी गेलो होतो त्याची समजूत काढायला. डोअरकीपर म्हणाला, "मास्तर, तुमाले कोणी सांगतलं नाही का? काल गेले ना देवाजी... मॅटिनी लावता लावताच छातीत कळ आली." समजूत काढायला मी तीन आठवडे उशीर केला होता. आता त्याला महिना उलटून गेलाय, पण तो उशीर काही केल्या मनातून जात नाही.

देवाजी आणि मी शाळेत एकाच बाकावर. मॅट्रिकला मी नापास झालो तेव्हा तो नुकताच टॉकीजमध्ये ऑपरेटरच्या हाताखाली लागला होता. आठ दिवस मी घरात कोणाशी बोललो नव्हतो. त्याने मला ओढत नेलं आणि अगदी पुढच्या रांगेत बसवलं. गुप्तहेराचा विनोदी सिनेमा होता. शिंप्याचं सोंग घेतलेला तो हेर खलनायकाच्या कमरेचं माप घेतो आणि हेराचीच खोटी मिशी टेपला चिकटून खलनायकाच्या नाकासमोर लोंबकळते... हसता हसता मला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं पुन्हा उघडली. पुढे मास्तर झालो, वर्तमानपत्राच्या पुरवणीत सिनेमावर लिहू लागलो. देवाजी मात्र तिथेच राहिला, मशीनच्या घरघरीत वीस वर्षं काढून कानांनी अधू झाला.

यंदा उन्हाळ्यात तोच सिनेमा पुन्हा मॅटिनीला लागला. मी मोठा समीक्षक! टॉकीजमध्ये कशाला जातो? भाड्याने व्हिडिओ आणला, दार लावून एकट्याने पाहिला आणि लिहून मोकळा झालो. ट्रंकेएवढा वायरलेस, पुठ्ठ्याचा अड्डा, हेरगिरीचे हे विनोद आता शिळे झालेत. एकदाही हसू आलं नाही, असंही वर ठोकून दिलं.

रविवारी देवाजी ते कात्रण घेऊन घरी आला. चहालाही हात लावला नाही.

"काहून गा लिहिलं असं? तू तर ठसका लागेपर्यंत हासला होता."

"तेव्हा लहान होतो रे," मी जवळजवळ ओरडून सांगितलं, त्याला ऐकू जावं म्हणून.

"मले हासणं आता ऐकू येत नाही. पण खिडकीतून डोके हालताना दिसते ना! अजूनही हालून राहिले. तू एक खेप वर ये, माह्या जागेवरून पाह्य. मंग लिही काय लिहायचं ते."

येतो म्हणालो. मग पेपर तपासायचे होते, पाहुणे होते, ऊन होतं... खरं सांगायचं तर मला त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती.

गर्दी होती म्हणून मालकांनी सिनेमा आणखी आठवडाभर ठेवला होता. देवाजी गेल्यानंतरच्या रविवारी मी तो लोखंडी जिना चढलो. त्याच्या हाताखालचा रामदास बाजूला झाला. भिंतीतल्या त्या वीतभर खिडकीतून मी खाली पाहिलं. पडद्यावर शिंप्याने टेप काढली. वायरलेस तेवढाच मोठा होता, अड्डाही पुठ्ठ्याचाच. मिशी चिकटली आणि खाली डोकी हलली. आधी पुढच्या रांगा, मग सगळ्याच. एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती, एक माणूस शेजाऱ्याच्या पाठीवर थापा मारत होता. देवाजी, तुझं खरं होतं रे. सिनेमाला काही झालं नव्हतं, मीच दार लावून बसलो होतो. हे मी त्याच्या तोंडावर कबूल करायला हवं होतं. आज पुरवणीत लिहून त्याला काय कळणार?

खिडकीच्या वर, चुन्याच्या भिंतीवर एक तेलकट काळा डाग आहे. वीस वर्षं तिथे कपाळ टेकवून तो खाली पाहायचा. "दर दिवाळीले चुना मारतो," रामदास म्हणाला, "पण तेवढी जागा त्याहिनं कधी मारू नाही देल्ली."

देवाजी माझ्यापेक्षा बुटका. मी वाकलो आणि त्या डागावर कपाळ टेकवलं. खाली सगळं थिएटर हसत होतं, आणि मला फक्त मशीन ऐकू येत होतं.