सुनेची पहिली प्रार्थना

आमच्या हुडकेश्वरच्या बायकांच्या प्रार्थनासभेत एक रीत आहे. गोल बसायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि एकेकीने पाळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची. रीत चांगली आहे, आम्हीच बिघडवली. एक जण 'प्रभू, तुला तर ठाऊकच आहे' म्हणते आणि शेजारणीच्या घरातलं सगळं सांगते. देवाला ठाऊक असतं, आम्हाला नसतं, म्हणून आम्ही कान टवकारून ऐकतो. आणि अध्यक्षबाई? 'हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, सार्वकालिक' इथून निघतात, त्या मुक्कामाला पोहोचेपर्यंत पोह्यांवरची तर्री गोठते.

त्या शुक्रवारी सभा आमच्याकडे होती आणि सून सकाळपासून रडवेली. ती कुहीकडची, धानवाल्या शेतकऱ्याची पोर. लग्नानंतर आपल्या मनाने आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येऊ लागली, पण चारचौघीत कधी तोंड उघडलं नव्हतं. आता दिवस भरत आले होते. बाळ आडवं आहे, फिरलं नाही तर ऑपरेशन, असं डॉक्टरणीने सांगितलेलं. तिला देवाकडे तेच मागायचं होतं.

"आई, मले तुमची ती मोठी मराठी येत नाही," ती म्हणाली. "माह्या तोंडानं चुकीचं निघालं अन् देवानं ऐकलंच नाही तं?"

मी चौथी शिकलेली. पण शुभवर्तमान स्वतः वाचते, पाळकांच्या चष्म्यातून नाही. म्हटलं, "अवं, येशू कसा बोलायचा ते पाय. बाप म्हणायचा अन् सरळ मुद्द्यावर यायचा. रात्र रात्र प्रार्थना केली, तेही डोंगरावर जाऊन, एकट्यानं. लोकांना ऐकत बसवलं नाही. एक लांब प्रार्थना शिष्यांसमोर केली, पण तीही जेवण झाल्यावर."

ती हसली. "मंग मी कसं बोलू?"

"रोज संध्याकाळी बापाले फोन लावतेस ना? तसं बोल."

ही पोर सांगितलेलं तंतोतंत करते, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

तिची पाळी आली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. पंखा तेवढा कुरकुरत होता. मग ती शेतात हाक मारावी तशी मोठ्याने म्हणाली, "बाबा गा, मी बोलून राहिली! जेवला का?"

माझ्या शेजारणीने पदर तोंडात कोंबला.

"इकडं बहुत गरमी होऊन राहिली. बाळ आडवं आहे म्हणते. त्याले सरळ कर ना गा. मले ऑपरेशनचं लय भेव लागते. नसंल फिरवाचं तं नको फिरवू, पण तिथं माह्याजवळ राय." मग फोनवर म्हणते तसंच, "बरं, ठेवू का आता?"

झालं! पहिल्यांदा अध्यक्षबाईच हसत सुटल्या. मग सगळ्याच. कुणी भिंतीला टेकून हसली, कुणी माझ्या मांडीवर कोसळली, माझा चष्मा पोह्यांत पडला. सून आधी कावरीबावरी झाली, मग पोट धरून तीही हसू लागली. अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पोरी, क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूही हेच बोलला गं. हा दुःखाचा प्याला टाळ, पण तुझ्या मनाप्रमाणे होऊ दे." एवढं आखूड बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

बाळ फिरलं का? नाही फिरलं. येशूचा प्यालाही टळला नव्हता. मागितलं ते मिळतंच, असं तोंडावर सांगणाऱ्यांना मी दारातूनच वाटेला लावते.

ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून तिने माझा हात धरला. "आई, आता तुमी प्रार्थना करा."

मी डोळे मिटले. "बापा, हिच्याकडं पाय. आमेन."

"बस? एवढंच?"

"अवं, तो ऐकून राहिला ना? मेलेल्या लाजरले उठवाच्या आधी थडग्यापुढं येशूनं बापाचे आभार मानले, तू माझं ऐकतोस म्हणून, अन् लागला कामाला. मी काय इथं भाषण देऊ? डॉक्टरीण हात धुऊन थांबली आहे तिकडं!"

ती हसायला लागली ती थांबेना. नर्स दटावू लागली, "बाई, हसू नका, स्ट्रेचर हलते," आणि स्वतःच हसत तिला आत घेऊन गेली.

नात मात्र रडतच आली. अन् काय आवाज! कुहीपर्यंत गेला असेल.