कळंबच्या पुढचं धुकं आणि चार नवे टायर

डिसेंबरात राळेगावला बहिणीच्या शेतात हुरडा खायला जायचं ठरलं आणि ह्यांनी तेवढ्यासाठी गाडीला चारही टायर नवे घातले. "आता गाडी रोडले चिकटूनच चालते, पाय तू!" यवतमाळहून निघताना शेजाऱ्यांनाही टायर दाखवून झाले. गाडी मीही चालवते. दवाने ओल्या रस्त्यावर टायरपेक्षा पाय हलका हवा, हे माझं मत. कळंबपर्यंत आमचं भांडण पुरलं.

कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं, मग तर्री पोहे आणि चहा. शंभराच्या नोटेत दोघांचं भागलं. सकाळी जाणार असाल तर इथेच रेंगाळा, ऊन चढेपर्यंत पुढे धुकं असतं. आम्ही रेंगाळलो नाही.

पुढे रस्ताच दिसेना. यंदा कापसाला भाव नाही, पण वेचलेला कापूस घरात तरी किती ठेवणार? ट्रॉल्यांची ये-जा सुरूच होती.

"हळू घ्या न जी."

"तुले काहून भेव वाटून राह्यलं? टायर नवे आहेत."

तरी माझ्यासाठी त्यांनी वेग कमी केला. तेवढ्यात समोर काहीतरी लाल हललं.

"थांबा!" मी ओरडले.

गाडी जराही न घसरता थांबली. समोर कापसाने भरलेली ट्रॉली रस्त्यातच बसलेली. ट्रॉलीच्या मागे, आमच्या बॉनेटपासून हातभर अंतरावर, लाल दुपट्टा धरून एक बाई उभी.

"चाक निखळलं जी," ती म्हणाली. "मालक जॅक आणाले गेले. मांगं लाइट नाही, म्हणून मीच उभी राह्यली."

ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि हे बरंच मागे जाऊन टॉर्च हलवत उभे राहिले. मी बाईला गाडीत बसवून थर्मासमधला चहा दिला. तिचा नवरा परतला, चाक बसलं, तोवर ऊन आलं.

गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला हुरडा, तिळाची चटणी, दही. बहिणीकडे ह्यांनी टायरचं भरपूर कौतुक केलं. खोटं नव्हतंच, जुन्या टायरांवर गाडी घसरलीच असती.

घरी परतल्यावर सामान उतरवताना हे एकदम थांबले. "मले ट्रॉली दिसलीच नव्हती. ते बाईबी नाही. तू वरडली म्हणून ब्रेक मारला."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"पुढच्या बारीले तू चालव. मी रस्ता पायतो."

"नुसतं पाहू नका," मी म्हणाले. "ओरडा."