सिस्टरांची बदली

"तिकडं बघ, म्हैस सुटली," असं म्हणून सिस्टर सुई टोचायच्या. म्हैस कुठं सुटलेली नसते हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तरी जो तो मान वळवायचा. मी पलटणीत नोकरी केलेला माणूस, मीही वळवायचो.

केरळातून विशीत आलेली बाई. मराठी शिकली आमच्या बायकांकडून, त्यामुळं शिव्या सोडून सगळं आमच्यासारखं बोलायची. कोरेगावच्या अलीकडं त्यांच्या ख्रिस्ती जोगिणींच्या संस्थेचा दवाखाना. संस्थेच्या पहिल्या सिस्टर बैलगाडीतून आल्या तेव्हा गावानं त्यांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं, असं म्हातारे सांगायचे. बाटवायला आल्या, असं वाटलं लोकांना. पुढं त्याच लोकांच्या सुना त्यांच्या दारात बाळंत झाल्या. माझी दोन्ही पोरं तर या सिस्टरांच्या हातावरची. बाटलं कुणी नाही. पण बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीतून बाहेर काढायला आणि पोरींना शाळेत धाडायला गाव त्यांच्याकडूनच शिकलं. तुमच्याकडं असतील अशा कुणी, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एकदा माझ्या बायकोनं त्यांना विचारलं, "आईला कवा भेटलासा?"

"आई गेली तवा बी न्हाई. आता संस्थेवाले घरी धाडत्यात, तवा धाडत न्हवते."

"मग भांडला न्हाईसा व्हय?"

"कुणाशी भांडू? शब्द मीच दिल्याला."

घरी येऊन बायको मला म्हणाली, "तुमच्या पलटणीपरास त्यांची वंगाळ."

मागल्या वर्षी बायकोच्या छातीत गाठ निघाली. मुंबईपर्यंत नेली, आणली. जखम चिघळली तशी ती मला खोलीत येऊ देईना. "तुमी भायेर व्हा." सुनांनाही नाही. फक्त सिस्टर. त्या रोज सकाळी यायच्या, दार लावून घ्यायच्या, आणि आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. एवढी जखम, आणि हसतात कशाला? मी ओट्यावर बसून चिडायचो.

मग सिस्टरांच्या बदलीचा हुकूम आला. दवाखाना बंद, सिस्टरांनी केरळात जायचं. मी त्यांना म्हणालो, "न्हाई म्हणा की."

"फौजी, तुमी कवा म्हणला व्हता?"

पुण्याहून त्यांच्या मोठ्या मदर आल्या होत्या. मी सरळ त्यांच्यापुढं उभा राहिलो. म्हणालो, "माझी बायको जाईस्तोवर ह्यांना ठेवा. मग न्या."

मदरचे डोळे भरले. "बाबा, नव्या मुली येत नाहीत आता. तिथं आमच्या म्हाताऱ्या सिस्टर अंथरुणाला खिळल्यात. त्यांचं कोण करणार?"

शिवी द्यायलासुद्धा कुणी सापडेना.

जायच्या दिवशी सिस्टरांनी मला हाताला धरून खोलीत नेलं. बायकोनं भिंतीकडं तोंड केलं.

"लाजू नगं आता," सिस्टर तिला रागावल्या. मग मलम माझ्या हाती दिलं आणि मी लावायला लागताच म्हणाल्या, "आवं हळू! भिंत लिंपताय व्हय?"

बायकोचे खांदे हलले. हसली का रडली, मला दिसलं नाही. माझं पट्टी बांधून होईतो गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. सिस्टरांनी हात धुतले आणि गेल्या.

त्यानंतर शेवटपर्यंत जखम मीच धुतली. दार लावून घ्यायचो. हसवायचं मात्र मला जमलं नाही.

ती गेली तेव्हा थोरल्या पोरानं सिस्टरांच्या केरळातल्या मठात फोन लावून दिला. बऱ्याच वेळानं त्या फोनवर आल्या.

"सिस्टर, ही गेली."

त्यांनी विचारलं, "शेवटची पट्टी कुणी बांधली?"

"मी."

"घट्ट न्हाई ना बांधली?"

"न्हाई."

तेवढ्यात तिकडं प्रार्थनेची घंटा झाली. घंटा झाली की हातातलं सोडून उठायचं, असा त्यांचा नियम. "जाते, फौजी," सिस्टर म्हणाल्या. पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिकडं कुणीतरी त्यांना त्यांच्या भाषेत हाका मारत होतं.