चर्चच्या दारातले नळ

सदानंद खोत प्रार्थनेसाठी कधी चर्चमध्ये गेला नव्हता, पण एक चर्च त्याने उभं केलं. तेही दुबईत भल्याभल्यांच्या नोकऱ्या जात होत्या त्या २००९ सालात. बर दुबई भागातल्या आमच्या कंत्राटदार कंपनीत चाळीसातली सहा माणसं उरली होती. सदानंद ड्राफ्ट्समन. त्याची मुलगी पर्णिका दहावीला. मार्चपर्यंत व्हिसा टिकला की तिची परीक्षा होईल, एवढाच त्याला घोर होता.

अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर ज्या गावात हे चर्च व्हायचं होतं, तिथे आधी काँक्रीटच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची शेड होती. बंदरावर कामाला आलेल्या गोवेकर-मंगळूरकरांनी सत्तरच्या दशकात बांधलेली. खाऱ्या हवेने सळया गंजून भिंती फुटल्या होत्या. नव्या इमारतीला मनोरा नाही, घंटा नाही, बाहेर क्रूस नाही. परवानगीच तशी होती. म्हणून सदानंदने सगळी हौस आत भागवून घेतली. समुद्राकडच्या भिंतीत उंच, अरुंद कमानी, उतरतं लाकडी छत आणि वेदीवर वरून येणारा उजेड. बेट्याने काम देखणं केलं होतं.

घोळ झाला तो दारात. तोवर आम्ही बांधलेली प्रार्थनास्थळं म्हणजे मशिदीच. सदानंदने दाराशेजारचा भाग जुन्या फाइलमधून उचलला आणि पाय धुवायच्या बारा नळांची रांग, समोरचे दगडी ओटे, सगळं तसंच उतरलं. त्याला खटकलं नाही. देवळात पाय धुऊन जाणाऱ्या माणसाला कशाला खटकेल? हमदुल्ला मिस्त्रीनेही इमानेइतबारे फरशी बसवून दिली.

सल्लागार इंजिनिअर तपासणीला आला आणि चर्चच्या दारात मशिदीचे नळ पाहून भडकला. मालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं.

"हमदुल्लाने ड्रॉइंग नीट वाचलं नाही, असं लिहून दे," ते सदानंदला म्हणाले. "त्याला गावी पाठवू. यल्ला, मॅटर खलास."

"सर, मी काढलं तेच त्याने बांधलंय. मिस्टेक माझी आहे."

"मुलीची बोर्डाची एक्झाम आहे ना तुझ्या?"

"हो, सर."

त्याने लिहून दिलं नाही. नोव्हेंबरात व्हिसा रद्द झाला आणि महिन्याभरात बिऱ्हाड पुण्याला गेलं. पर्णिकाचं वर्ष बुडालं. "बाबा, यू डिडन्ट इव्हन थिंक अबाउट मी," विमानतळावर ती म्हणाली आणि मग कितीतरी महिने त्याच्याशी बोलली नाही.

सदानंद गेल्यावर पंधरा दिवसांनी चर्चच्या फादरनी कळवलं, नळ राहू द्या. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून मिस्साची मोठी प्रार्थनाही शुक्रवारी. बंदरावरची माणसं पाळी संपवून धुळीच्या पायांनी थेट येतात, त्यांची सोय होईल.

प्रत्येक ड्रॉइंगवर काढणाऱ्याच्या नावाखाली तपासणाऱ्याची सही असते. त्या ड्रॉइंगवर ती माझी होती. केबिनमध्ये मी सदानंदच्या शेजारीच उभा होतो. मालकांनी विचारलं नाही, सदानंदने माझं नाव घेतलं नाही आणि मी तोंड उघडलं नाही. माझा मुलगा तन्मयही दहावीलाच होता. तो दुबईतच पास झाला, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. लाज वाटत होती, तरी वाटले.