नव्या रोवण्यात पाय घालू नये

देवाने ही सगळी सृष्टी आमच्या नर्सबाईंना दाखले कमी पडू नयेत म्हणूनच केली असावी, असं माझं पक्कं मत आहे. झाड, किडा, बेडूक, काहीही नजरेस पडलं की माणसाने कसं बदलावं हे त्यातून निघायचंच. मी लाखनीहून लग्न होऊन कोंढ्याला आले तेव्हा, सत्तरच्या पुढच्या सालांत, त्या तिथल्या दवाखान्यात होत्या. मूळच्या नागपूरच्या, ख्रिस्ती, एकट्या. पांढरं पातळ, काळी छत्री आणि येशूवर अतोनात भरवसा. धर्म बदला असं त्या कोणाला कधी म्हणाल्या नाहीत, नुसतं बदला म्हणायच्या. लोकही नाही म्हणत नसत. "बदलतो ना बाई, रोवणा होऊ द्या," असं म्हणत आणि भातलावणीला शेताकडे चालू लागत.

इंजेक्शनची सुई उकळायला ठेवली की बाईंचं सांगणं सुरू व्हायचं, कारण सुई उकळेपर्यंत रोगी जाणार कुठे? त्यांच्या पुस्तकात जमिनीत पडून मरणारा दाणा गव्हाचा होता म्हणे. पण इकडे गव्हाचं कोणाला काय, म्हणून त्यांनी परस्परच त्याचं धान करून टाकलं होतं. एकदा कोणीतरी ऐनाच्या झाडावरचा कोसा, रेशमाच्या किड्याचा कोष, आणून दिला. बाईंना केवढा आनंद. हा किडा आत स्वतःला कोंडून घेतो, जुनं सगळं टाकतो आणि पंख घेऊन बाहेर येतो, तसंच येशू माणसाला नवं करतो, असं त्या रंगून सांगत होत्या. माझी सासू गुडघ्याला लावायला औषध न्यायला आली होती. ती म्हणाली, "बाई, आमच्याकडं तं तो बाहेर याच्या आधीच रेशमासाठी कोसा उकडतेत. पवनीले जाऊन पाहा."

बाईंनी उकळती सुई चिमट्याने उचलली. मग म्हणाल्या, "म्हणूनच सांगते मावशी, उशीर करू नका."

सासू आणि बाई यांचं असं कायमचंच होतं. दवाखान्याच्या भिंतीजवळ सापाची कात सापडली तेव्हाही बाईंनी दाखला काढला, आणि सासूने विचारलं की कात टाकून तो साप काय गाय होते? त्या दिवसापासून साप बाईंच्या दाखल्यांतून गेला तो गेलाच. तसंही त्यांच्या पुस्तकात त्याचं नाव आधीपासून खराबच. सासूचं म्हणणं एकच असायचं: किडा किडा आहे, माणूस माणूस आहे, माणूस काही बदलत नाही. आणि याला पुरावा म्हणून ती बाईंकडेच बोट दाखवी. कारण बाई फार तापट. आपला जुना रागीट स्वभाव येशूने धुऊन नेला हे त्या सांगत, आणि तेवढ्यात कोणी चिखलाच्या पायांनी ओट्यावर चढलं, की धुऊन नेलेला सगळा स्वभाव एका दमात परत येई.

मी आले ते रोवण्याचेच दिवस. आईची आठवण येऊन मी विहिरीवर, चुलीपुढे, दिसेल तिथे रडायची. खाणं सुटलं होतं, बापाला बोलावून घ्यावं आणि परत जावं असं मनात पक्कं होत चाललं होतं. सासूची जीभ तर दिवसभर माझ्यामागे. अशक्त झाले म्हणून सासूने मला दवाखान्यात नेलं. बाईंनी नाडी पाहिली आणि दोघींना खिडकीतून समोरची धानाची बांधी दाखवली. पऱ्हं, म्हणजे वाफ्यातलं कोवळं रोप, उपटून नुकतंच रोवलेलं, सगळं पिवळं, मान टाकलेलं. "काहून रडून राहिली पोरी? उपटलेलं रोप आधी पिवळंच पडते. मग मूळ धरते. तू हिरवी होशील." मग मला बाहेर बसवून त्या सासूशी काही बोलल्या. मला वाटलं, गुडघ्याचं असेल. नंतर सासूची जीभ जरा आवरली आणि मी हळूहळू जेवू लागले. ते मी आपलं बाईंनी दिलेल्या टॉनिकच्या बाटलीच्या नावावर मांडून ठेवलं.

पुढे कितीतरी वर्षांनी, ऐंशीच्या सालांत, बाईंची बदली निघाली. पार सालेकशाकडे, जंगलात. माणसाने बदलावं म्हणणाऱ्या बाईंनी मी इथून हलणार नाही म्हणून दार लावून घेतलं. नोकरी सोडीन म्हणाल्या. बदली रद्द करायला सरपंच अड्याळला, भंडाऱ्याला जाऊन आले, काही झालं नाही. नोकरी गेली तर त्यांच्यामागे खायला घालणारं कोणी नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी सासू माझा हात धरून निघाली. दार वाजवून तिने उघडायला लावलं. बाईंचे डोळे सुजलेले होते.

सासू म्हणाली, "बाई, पऱ्हं उपटल्याबिगर धान होत नाही म्हणे."

"मावशी, रोप रोप असते. मी माणूस आहे."

"हे तं मी कवापासून सांगून राहिली. तवा तुमी आयकलं काय?" सासू उंबऱ्यावर बसली. मग माझ्याकडे न बघता बोलली, "या पोरीले पाहून तुमी मले बोलल्या होत्या, मावशी, नव्या रोवण्यात पाय घालू नका, पाणी राहू द्या, उगी राहा. माही जीभ मी दातात धरून ठेवली. बोलाले लय यायचं, पण धरली. झाली का नाही हे हिरवी?"

मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. बाईंच्या दाखल्यांनी गावात कोणी बदललं असेल तर ते एवढं एकच माणूस, आणि त्याने इतकी वर्षं ते कोणाला कळू दिलं नव्हतं.

बाई बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसले आणि आम्हा दोघींच्या चिखलाच्या पायांवरून आम्हाला यथेच्छ रागावल्या. तेव्हा सासू मला हळूच म्हणाली, बाई जातेत आता. आणि बाई गेल्या.

त्यांना नंतर मी पाहिलं नाही. तिकडे हिरव्या झाल्या असतील. सासूही गेली. आता माझी सून आली आहे, भाताला पाणी जास्त घालते. रोवणा झाला की मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून ती पिवळी बांधी बघते, आणि पाय आवरते. फार शिवशिवतात.